अश्विन-कार्तिकात माळावर कोणती कामे घ्यावीत आणि कोणाला बोलवावे?

प्रश्न : तरवडफूल, सोलापूर

बार्शी रस्त्याच्या बाजूला, शहरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर अकरा एकर माळ राखण्याचे काम आमचा एक छोटा न्यास गेली तीन वर्षे करतो आहे. जमीन एका शेतकरी कुटुंबाची असून सातबारा आजही त्यांच्याच नावावर आहे. मुरमाड आणि वितभरही माती नसलेली ही जमीन कधी नांगराखाली आली नाही. तिचे प्लॉट पाडण्यापेक्षा ती जशी आहे तशीच राहावी अशी घरातल्या आजोबांची इच्छा होती, म्हणून कुटुंबाने लेखी करार करून राखणीची जबाबदारी आमच्याकडे दिली. वरच्या अंगाला कुसळी आणि पवन्या ही गवते आहेत, खाली ओढ्याकडे मारवेल गवत आहे, कडेने हिवर, बोर, नेपती आणि तरवड आहेत. ओढ्याच्या काठाने चिलार, म्हणजे वेडी बाभूळ, दरवर्षी थोडी थोडी आत सरकते आहे.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या आधीच्या रविवारी आम्ही शहरातून साठ-सत्तर लोक नेले आणि वड, पिंपळ, करंज, कडुनिंब अशी तीनशे रोपे लावली. फोटो निघाले, जेवणे झाली, लोक आनंदाने परतले. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा टँकर नेऊनही मार्चअखेर त्यातली नऊ रोपे उरली. शेजारच्या वाडीतले एकही माणूस त्या दिवशी आले नव्हते. त्याहून जास्त सलणारी गोष्ट वेगळी आहे. दुपारी एक आजी मेंढरे घेऊन ओढ्याच्या बाजूने आल्या, तेव्हा आमच्यातल्या एका सभासदाने त्यांना "इथे आता चराई बंद आहे" असे सांगून परत पाठवले. आजी एवढेच म्हणाल्या, "आमी काय आजच याय लागलोय व्हय, माज्या आज्या-पणज्यापासनं मेंढरं हितंच चरत्यात." मी शेजारीच उभी होते आणि काही बोलले नाही. ते न बोलणे वर्षभर माझ्या मनातून गेलेले नाही.

यंदा घटस्थापनेपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंतच्या दिवसांत काय करावे, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. झाडे लावू नयेत, तर मग लोकांना कोणते काम द्यावे? चराई खरोखरच बंद ठेवावी का? लागून असलेले वीस-बावीस एकर गायरानही ग्रामपंचायतीकडून राखायला मागावे, असे काही सभासदांचे म्हणणे आहे, ते योग्य होईल का? शाळेतल्या मुलांना नेता येईल असे काही असल्यास तेही सुचवावे.

उत्तर : पाखरवाट

ताई, रोपे मेली यात तुमच्या निगराणीचा दोष नाही. हातभर खाली कठीण मुरूम असलेल्या जमिनीत वड-पिंपळाची रोपे टँकरच्या पाण्यावर जगवणे म्हणजे त्या जमिनीला तिचा स्वभाव सोडायला लावणे आहे. आपल्याकडे माळाला पडीक म्हणण्याची फार जुनी सवय आहे. महसुली भाषेने ती पक्की केली आणि झाडे लावणे म्हणजेच निसर्गाची सेवा या समजुतीने ती आणखी घट्ट केली. गवत हीच त्या जागेची पूर्ण वाढलेली अवस्था आहे. काळवीट, खोकड, लांडगा, पखुर्डी, धाविक, चंडोल हे सगळे उघड्यावर जगणारे जीव आहेत. माळढोकाला तर दूरवर नजर पोहोचेल अशीच जागा लागते.

अश्विनात माळाचे खरे काम सुरू होते, ते गवताचे. बहुतेक गवतांचे बी या दोन महिन्यांत पिकते, आणि सगळे एकदम पिकत नाही. त्यामुळे बी गोळा करण्यासाठी एकच मोठा दिवस ठेवण्यापेक्षा आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार सकाळी ठरवाव्यात. काम सोपे आहे. पिकलेला तुरा दोन बोटांत धरून खालून वर ओढला की बी मुठीत येते. हिरवट तुऱ्यातून ते सुटत नाही, म्हणून ते पिकलेले आहे की नाही हेही हातालाच कळते. एका जागेवरचे सगळे बी घेऊ नये, निम्म्याहून अधिक तिथेच पडू द्यावे. गोळा केलेले बी सावलीत वाळवून सुती पिशव्यांत ठेवावे. ते ताजेच पेरले तर फारसे उगवत नाही, काही महिने मुरावे लागते. माती आणि शेणखतात त्याच्या गोळ्या करून मृगाच्या आधी उघड्या पडलेल्या जागी टाकाव्यात.

दुसरे काम चिलारीचे. ती जमिनीलगत तोडली तर एका बुंध्याचे पाच फुटवे होतात आणि पुढच्या वर्षी दुप्पट काटे हाती येतात. बुडखा वितभर खोलीपर्यंत खणून काढावा लागतो. परतीच्या पावसाने मुरमात ओल असते तोवरच हे माणसांच्या हाताने होण्यासारखे आहे. मार्गशीर्षात पहार आदळली तर ठिणग्या उडतात. तुमच्या शहरातल्या तरुण मंडळींना घाम गाळायचा असेल तर त्यांना इथे लावा, मात्र मोठी झाडे आधी सोडून मनगटाएवढ्या बुंध्याच्या आतली घ्या, म्हणजे पसरणे थांबेल. जाड बूट सक्तीचे ठेवा आणि दगड उलटताना हात घालू देऊ नका, कारण अशा माळावर फुरसे हमखास असते.

गवत कापायचे असेल तर बी झडल्यावर, चार बोटे खुंट ठेवून कापावे आणि सगळे कापू नये. वरच्या अंगाचा एक सलग पट्टा उभाच राहू द्यावा. दसऱ्याच्या सुमारास मध्य आशियाकडून भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. दिवसभर ते माळावर आणि ज्वारीच्या रानावर खालून उडत टोळ टिपतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतात जमिनीवरच मुक्काम करतात, बऱ्याचदा अनेक जण एकाच जागी. तुमच्या अकरा एकरांत असा मुक्काम सापडला तर त्या जागेची किंमत तीनशे झाडांपेक्षा कमी नाही. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास दूर बसून नुसते पाहत राहावे.

उत्तर : मेंढपाळाचा लेक, मोहोळ तालुका

मी स्वतः आता नोकरीत आहे. वडील आणि चुलते मात्र अजून मेंढरांमागे आहेत, म्हणून चराईच्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो.

शहरातल्या माणसाला वाटते की पावसाळ्यानंतर सगळीकडे हिरवे असते, तेव्हा मेंढरांना चारायला जागा कुठेही मिळेल. आपल्या जिल्ह्यात नेमके उलट होते. इथली काळी राने पावसाळ्यात बऱ्याच ठिकाणी मोकळी ठेवतात आणि भाद्रपद-अश्विनात त्यांत मालदांडी ज्वारी पेरतात. एकदा पेरणीची पाभर फिरली की त्या रानात मेंढरू पाय ठेवू शकत नाही. तूर उभी असते, ऊस तर बारमाही उभा असतो. ज्वारी निघून शेतकरी स्वतःहून रानात खतासाठी मेंढरे बसवायला बोलवेपर्यंत, म्हणजे माघ-फाल्गुनापर्यंत, आमच्या लोकांना बांध, ओढे, गायरान आणि माळ एवढाच आधार असतो. तुम्ही चराई बंद केली ती वर्षातल्या नेमक्या अशा दिवसांत, जेव्हा त्या आजींना जायला दुसरी जागाच नव्हती.

आता त्या आजी ओढ्याच्या बाजूनेच का आल्या, याचा विचार करा. त्या दिवसांत कुसळीच्या गवतात कोणताही शहाणा मेंढपाळ मेंढरे घालत नाही. कुसळाचे टोक लोकरीतून कातडीत शिरते, कोकरांच्या तोंडाला जखमा होतात, आणि एकदा ते आत गेले की पुढेच सरकते, मागे येत नाही. कुसळी चारायची ती श्रावणात कोवळी असताना, नाहीतर बी झडून गेल्यावर. अश्विनात आम्ही मारवेल शोधतो. म्हणजे तुम्हाला बियांसाठी आणि पाखरांसाठी जो वरचा पट्टा उभा ठेवायचा आहे, त्यात त्या आजी तशाही येणार नव्हत्या. खालच्या मारवेलीचे तुम्हाला हवे तेवढे बी आधी काढून घ्या आणि मग तो भाग त्यांना ठरलेल्या दिवसांपुरता मोकळा करा. दोघांचेही काम होते आणि भांडण उरत नाही.

चराई अजिबात नको असे म्हणणाऱ्यांना मी आदराने एवढेच सांगेन की, हे माळ शेकडो वर्षे खुरांखाली राहूनच आजच्या रूपात टिकले आहेत. अति चराईने माळ उघडा पडतो हे खरे आहे आणि आमच्या लोकांनाही ते कळते. पूर्ण बंद केल्यावर मात्र वाळलेले गवत साठत जाते आणि फाल्गुनात कोणाच्या विडीने पेटले तर एका दुपारी सगळे जाते. तशी आग विझवायला शहरातून कोणी येईपर्यंत रात्र होते. वाडीतली माणसे दहा मिनिटांत पोहोचतात, पण त्यांना तो माळ आपला वाटत असेल तरच धावतील.

सोलापूरजवळच्या नान्नजचे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी नावाच्या एका शिक्षकांनी तिथल्या माळढोकांकडे लक्ष वेधले, त्यातून पुढे १९७९ साली अभयारण्य झाले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण कागदावर त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर धरला गेला, त्यात गावेच्या गावे, शेते आणि रस्ते आले, जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि पक्ष्याचे नाव काढले की लोक चिडू लागले. पुढे तो विस्तार १,२२२ चौरस किलोमीटरवर आणला गेला, तोवर मनातला राग पक्का झालेला होता. तुमचे अकरा एकर आहेत. एवढ्या जागेत प्रत्येक माणसाशी समोरासमोर बोलता येते, ते आधी करा.

उत्तर : दप्तरी

गायरानाबद्दल आणि कागदपत्रांबद्दल लिहितो.

गायरान आपल्या न्यासाकडे मागू नका. ती गावाच्या गुरांसाठी राखलेली जमीन आहे, ती खाजगी संस्थेला देण्याचा ठराव कोणी उत्साहाने केला तरी तो टिकण्यासारखा नसतो. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनी गावासाठीच राहाव्यात आणि त्यांवरील अतिक्रमणे काढावीत असा स्पष्ट निकाल दिला आहे. हेतू कितीही चांगला असला तरी गावाच्या नजरेत तुम्हीही बाहेरून येऊन जागा अडवणारेच ठराल. त्याऐवजी २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जी जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते, तिच्यामार्फत काम करावे. गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत माळावरची गवते, औषधी झुडपे, चराईच्या वाटा आणि पाणवठे नोंदवून घेण्यासाठी हाच हंगाम चांगला आहे, कारण तुऱ्यावरून गवत ओळखता येते. नोंदी गावकऱ्यांनी सांगाव्यात, आपण लिहिण्याचे काम करावे.

सातबारा कुटुंबाच्या नावावर राहिला हे एका अर्थी बरेच आहे. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला किंवा संस्थेला परवानगीशिवाय शेतजमीन विकत, बक्षीस किंवा पट्ट्याने घेता येत नाही, म्हणून तुमचा करार राखणीपुरता आहे आणि त्यात कब्जा किंवा खंड असे काही लिहिलेले नाही, याची वकिलाकडून खात्री करून घ्यावी. अडचण पुढच्या पिढीची आहे. आज कुटुंबाची इच्छा आहे, उद्या वाटण्या झाल्या तर तुमचा करार नव्या मालकाला बांधून ठेवीलच असे नाही. त्यामुळे वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-मुंबईची मुले-नातवंडे गावी येतात तेव्हा, त्या संपूर्ण कुटुंबाला माळावर बोलवावे. मी अनेक संस्थांचे हिशेब पाहिले आहेत, आणि माझ्या मते हा कार्यक्रम बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे.

उत्तर : दूरगावकर, मूळ सोलापूर, सध्या शिकागोजवळ

दप्तरी यांनी पुढच्या पिढीचा जो मुद्दा मांडला, त्यावर इथे अमेरिकेत कायद्यानेच उपाय केलेला आहे. भूसंरक्षण न्यासांची परंपरा इथे मॅसॅच्युसेट्समध्ये १८९१ साली सुरू झाली. आज मालक आपली जमीन स्वतःकडेच ठेवून तिच्यावर बांधकाम न करण्याचे कायमचे बंधन न्यासाच्या नावे लिहून देऊ शकतो, आणि ते बंधन जमिनीबरोबर प्रत्येक नव्या मालकाकडे जाते. आपल्याकडे तशी सरळ सोय नसल्यामुळे माणसे जोडून ठेवण्याला पर्याय राहत नाही.

मी राहतो तो प्रदेशही मूळचा गवताळ आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या शनिवारी-रविवारी शेजारपाजारचे लोक बादल्या घेऊन गवताचे आणि रानफुलांचे बी हाताने गोळा करतात, कोठारात ते निवडतात आणि बरेचसे त्याच हिवाळ्याच्या तोंडाला पसरतात, कारण इथल्या अनेक बियांना उगवण्याआधी थंडी लागते. हे वेळापत्रक सोलापूरला उचलून नेऊ नये, तिथे पाखरवाट यांनी सांगितल्याप्रमाणे मृगापर्यंत थांबणेच बरोबर आहे. इथे गवत नियम आखून जाळतात, तेही तिकडे करू नये. घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. इथे दर वेळी तीच पंधरा-वीस माणसे येतात आणि त्यांना कुठल्या उतारावर काय उगवते ते पाठ असते. एका दिवसाच्या सत्तर लोकांपेक्षा ती पंधरा माणसे न्यासाला तारून नेतात.

उत्तर : खडूफळा

मुलांसाठी मोठा कार्यक्रम आखण्याची गरज नाही. माझ्या सहावीच्या वर्गाला मी माळावर नेतो तेव्हा प्रत्येकाच्या मोज्यांत अडकलेली कुसळे काढायला लावतो. एक वाळलेले कुसळ ओल्या तळहातावर ठेवायचे आणि नुसते पाहायचे. पीळ पडलेली शेपटी पाणी पिऊन हळूहळू उलगडू लागते, सगळे कुसळ घड्याळाच्या काट्यासारखे गोल फिरते आणि टोक कातडीला टोचू लागते. पाऊस पडला की ते बी स्वतःला मातीत कसे पेरून घेते, हे त्यानंतर फळ्यावर लिहावे लागत नाही. गेल्या वर्षी एक मुलगी घरी जाऊन आजीच्या हातावर तेच करून दाखवून आली.

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्यातला पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या आणि शेवटचा सालिम अलींच्या जन्मदिवसाचा. चितमपल्ली १९३२ साली सोलापुरात जन्मले आणि जून २०२५ मध्ये सोलापुरातच गेले, त्यामुळे इथल्या मुलांनी त्या आठवड्यात माळावर एक सकाळ काढावी हे मला आपले कर्तव्यच वाटते.

दसऱ्याला गावची पालखी सीमोल्लंघनाला कोणत्या वाटेने जाते, तेही विचारून घ्या. अनेक गावांत ती शिवेवरच्या माळाकडेच जाते. तसे असेल तर वेगळा मेळावा भरवण्याऐवजी त्या संध्याकाळी वाट झाडून ठेवावी आणि घटातले तुरे टोपीत खोवून येणाऱ्या माणसांना पाणी द्यावे. आपट्याच्या फांद्या मात्र ओरबाडू नयेत, एवढे हात जोडून सांगावे. आणि कोजागिरीच्या आदल्या-मागल्या दिवशी काहीही ठेवू नका. अर्धे सोलापूर तेव्हा पायी तुळजापूरच्या वाटेवर असते.

प्रश्नकर्तीचे उत्तर : तरवडफूल

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. उत्तरे वाचल्यावर मी आणि आमचे आणखी दोघे जण काल वाडीत जाऊन आलो, कोणतेही पत्रक न घेता. त्या आजी घरीच होत्या. मी गेल्या वर्षीच्या प्रसंगाची माफी मागितली. त्यांनी ती मान्य केली की नाही ते कळले नाही, पण चहा दिला आणि तासभर बोलत बसल्या. माळाच्या वरच्या अंगाला एका हिवराखाली दगडात कोरलेली जुनी पाणी पिण्याची डोण आहे आणि ती मातीने बुजली आहे, हे आम्हाला तीन वर्षांत माहीत नव्हते, त्यांनी सांगितले. ती साफ करणे हे यंदाचे पहिले काम ठरले आहे.

वाडीतली पेर आणखी आठ-दहा दिवस चालेल. ती आटोपल्यावर पहिल्या कोळपणीपर्यंत माणसांना थोडी उसंत असते, म्हणून बी काढण्याच्या पहिल्या दोन सकाळी त्याच दिवसांत ठेवतो आहोत. झडलेले गवत कापून ज्याने त्याने आपल्या गुरांसाठी भारे न्यावेत, न्यासाने त्याचा मोबदला घेऊ नये, असे ठरले. चिलारीचे सरपणही वाडीलाच. शहरातून या वेळी पंधराच लोक बोलावले आहेत, आणि जो सभासद त्या दिवशी आजींशी बोलला होता, तो स्वतःहून डोणीच्या कामाला येणार आहे. गायरानाचा विषय आम्ही सोडून दिला. जमीन ज्यांची आहे त्या कुटुंबाला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माळावर जेवायला बोलावले आहे.

एक शंका उरली आहे. वरचा राखलेला पट्टा आणि खालची मारवेल यांमधली हद्द मेंढरे राखणाऱ्या मुलांना सहज दिसावी, यासाठी सुतळी बांधली तर चालेल का?

उत्तर : मेंढपाळाचा लेक, मोहोळ तालुका

सुतळी किंवा तार बांधू नका. संध्याकाळी घाईत परतताना कोकरू तिच्यात अडकते, आणि खोकडाचेही तेच होते. वीस-पंचवीस पावलांवर एकेक दगड ठेवून त्याला चुना लावा, तो अंधार पडतानाही दिसतो. दगड कुठे ठेवायचे ते आजींनाच चालत जाऊन दाखवायला सांगा, आणि डोण साफ झाली की तिच्यातले पाणी दोन दिवस तसेच राहू द्या. पहिल्यांदा आत उतरलेला गाळ खाली बसला की मगच मेंढरू त्याला तोंड लावते.